गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरवर घेताना: आधी काय तपासायचं, सॉफ्टवेअर कोणतं निवडायचं, क्रम कसा ठेवायचा

श्रावणात कानबाईचे रोट (आमच्या खानदेशातला कानबाई देवीचा सण) दोन दिवसांवर आले असताना गल्लीतले नाना पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे राहिले. "भाऊ, गाना कथा गयात?" (गाणी कुठं गेली?) पेनड्राइव्ह उघडला तर आत नऊ फायली. प्रत्येकीच्या नावाला ‘.सीडीए’ अशी शेपटी आणि प्रत्येकीचा आकार ४४ बाइट. एवढ्यात अख्खं गाणं सोडा, ढोलकीची एक थापसुद्धा मावत नाही. मूळ सीडी नानांनी "आता कॉपी झाली" म्हणून भाच्याला देऊन टाकली होती. ती साक्रीला पोचलीही होती.

‘.सीडीए’ ही गाण्याची फाइल नव्हे. कोणतं गाणं सीडीवर कुठं सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढं सांगणारी ती विंडोजनं दाखवलेली चिठ्ठी. चिठ्ठी कॉपी करून गाणं येत नाही. गाणं सीडीवरून वाचून त्याची फाइल बनवायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. या कामाला ‘रिप करणं’ म्हणतात, आणि खालचे सगळे टप्पे त्याचेच आहेत.

क्रम मोडू नका. बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर उतरवतात आणि सीडी कसली आहे ते मागाहून बघतात. निम्मा गोंधळ तिथंच होतो.

## टप्पा १: सीडी कसली आहे ते ओळखा

आपल्याकडे घरोघरी ज्या चकत्यांना सरसकट ‘गाण्याची सीडी’ म्हणतात, त्या चार जातीच्या असतात. चकती ड्राइव्हमध्ये घाला, कॉम्प्युटरवर उघडा आणि आत काय दिसतं ते बघा.

फक्त ‘.सीडीए’ फायली दिसतात. ही खरी ऑडिओ सीडी. गाणी साधारण आठ ते वीस, एकूण वेळ जास्तीत जास्त ७४ ते ८० मिनिटं. रिपिंग सॉफ्टवेअर लागतं ते हिलाच.

‘.एमपी३’ फायली किंवा फोल्डर दिसतात. बसस्टँडजवळ मिळणाऱ्या ‘१०० सुपरहिट’ छापाच्या सीडी या जातीच्या. इथं काही रिप करायचं नसतं. फायली उचला आणि हार्डडिस्कवर टाका, काम संपलं. या गाण्यांचं पुढं फ्लॅक किंवा वेव्ह (आवाज जराही न गमावता जतन करायचे फाइलचे प्रकार) करून दर्जा वाढेल अशी आशा धरू नका. ताक घुसळून पुन्हा लोणी निघत नाही.

‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर दिसतं, आत ‘.डॅट’ फायली. ही व्हीसीडी. अहिराणी गाण्यांचा बराच ऐवज याच जातीत आहे. रिपिंग सॉफ्टवेअर हिला ओळखणार नाही आणि "सीडी घाला" म्हणत बसेल. ‘.डॅट’ फायली जशाच्या तशा कॉपी करा. व्हीएलसी प्लेअर त्या वाजवतो. फक्त आवाज हवा असेल तर ‘एफएफएमपेग’ या सॉफ्टवेअरनं आवाजाचा पट्टा न बदलता वेगळा काढता येतो. व्हीसीडीतला आवाज साधारणपणे २२४ केबीपीएसचा एमपी२ असतो, त्यामुळे फाइल ‘.एमपी२’ म्हणून निघते. त्याचा पुन्हा १२८चा एमपी३ करू नका, झांजा आधीच चिरकतात, आणखी चिरकतील.

खालची बाजू हिरवट, निळसर किंवा सोनेरी आहे. ही घरी किंवा दुकानात लिहिलेली सीडी-आर. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, लग्नातली हळदीची गाणी, सप्त्यातलं कीर्तन असा माल यावर असतो. ही आतून वरच्या तिन्हींपैकी काहीही असू शकते, म्हणून उघडून बघाच.

तपासा: सगळ्या सीडींचे असे ढीग लावा आणि रिपिंगला सीडी-आरपासून सुरुवात करा. छापील सीडीत माहिती प्लॅस्टिकवर दाबलेल्या आणि धातूनं मढवलेल्या खड्ड्यांत असते. सीडी-आरमध्ये ती रंगाच्या थरात असते, आणि ऊन-उष्णतेनं तो थर बिघडतो. भुसावळ-जळगावचा मे महिना पत्र्याच्या खोलीत किंवा जीपच्या डॅशबोर्डवर काढलेली सीडी-आर आज वाचली जाते म्हणून पुढच्या वर्षी वाचली जाईलच असं नाही. छापील सीडी थांबू शकते.

एक खास अडचण. काही मंडळांनी सीडी रेकॉर्डरवर थेट रेकॉर्डिंग केलेलं असतं आणि शेवटी ‘फायनलाइझ’ करायचं राहिलेलं असतं. अशी चकती त्या रेकॉर्डरवर वाजते, कॉम्प्युटरला मात्र कोरी दिसते. चकती फेकू नका. तो रेकॉर्डर चालू असेल तर आधी त्याच्यावर फायनलाइझ करून घ्या.

## टप्पा २: ड्राइव्ह आणि चकती तयार करा

नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घ्यावा लागतो. जळगावात असाल तर गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा. जुना डेस्कटॉप घरात धूळ खात असेल तर त्यातला ड्राइव्ह आधी करून बघा. माझा अनुभव असा की पातळ यूएसबी ड्राइव्ह जिथं रडतो तिथं जुना मोठा ड्राइव्ह पुष्कळदा निभावून नेतो.

यूएसबी ड्राइव्ह हबमध्ये लावू नका, थेट कॉम्प्युटरला लावा. वायरीला दोन पिना असतील तर दोन्ही लावा. वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच थांबतो, टिकटिक करतो, आणि दोष आपण सीडीला देतो. डेस्कटॉपवर काम करणार असाल तर तो इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर ठेवा. भारनियमनाच्या वेळापत्रकाला तुमची सीडी अर्ध्यावर आहे हे कळत नाही.

आता सफाई. शेतावरची धूळ, जिनिंगकडून उडणारी कापसाची तूस, अगरबत्तीची राख, सगळं चकतीवर बसतं.

१. आधी फुंकर नको, थुंकी उडते. मऊ ब्रशनं किंवा हवेच्या पंपानं धूळ उडवा.
२. डाग असतील तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बोटानं हलकं धुवा. नंतर साध्या पाण्यातून काढा.
३. चष्म्याच्या मऊ कपड्यानं पुसा, पण मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. माहिती गोल मार्गानं लिहिलेली असते. त्याच दिशेनं ओरखडा गेला तर सलग बराच भाग जातो. आडवा गेला तर थोडाथोडाच जातो आणि तेवढं ड्राइव्ह सावरून घेतो.
४. पूर्ण वाळल्यावरच आत घाला.

सावधान: थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. प्लॅस्टिक पांढरं पडतं आणि मग काही इलाज राहत नाही. मधल्या भोकापाशी तडा गेलेली चकती ड्राइव्हमध्ये घालू नका. वेगात फिरताना ती फुटते आणि ड्राइव्हही सोबत नेते.

आणि एक गैरसमज. लोक चकाकणारी बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात. धातूचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, वरती फक्त वार्निशसारखा पातळ थर. चकाकणाऱ्या बाजूला मात्र एक मिलिमीटरहून जास्त जाडीचं प्लॅस्टिक आहे. खालचा ओरखडा बऱ्याचदा निभतो, छापील बाजूचा खोल ओरखडा निभत नाही. चिकटवलेला कागदी लेबल उपटायला जाऊ नका, सोबत थरही निघून येतो. उजेडासमोर धरून बघा: टाचणीएवढी भोकं दिसत असतील तर तेवढी माहिती गेलेली आहे.

## टप्पा ३: सॉफ्टवेअर निवडा

इथं जरा थांबून एक गोष्ट समजून घेतली तर निवड आपोआप होते.

कागदपत्रांच्या सीडीवर प्रत्येक तुकड्यात २३५२ बाइट जागा असते. त्यातले २०४८ माहितीसाठी आणि उरलेल्यातले बरेचसे चुका पकडून दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. गाण्याच्या सीडीत हे २३५२च्या २३५२ बाइट गाण्यालाच दिलेले असतात. दुरुस्तीची एक पातळी तिथंही असते, पण वरची ही जास्तीची पातळी नाही. म्हणून फाइल कॉपी होताना चूक झाली तर कॉम्प्युटर ओरडतो. गाण्यात चूक झाली तर ड्राइव्ह आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजानं खड्डा बुजवतो आणि गप्प बसतो. पडद्यावर ‘१०० टक्के पूर्ण’ दिसतं. तीन महिन्यांनी गाडीत ऐकताना ‘टक्’ असा आवाज येतो.

तेव्हा निवडताना पहिला प्रश्न ‘किती पटकन करतं’ हा नाही. वाचताना गडबड झाली तर हे सॉफ्टवेअर मला सांगेल का? हा आहे. त्यामागोमाग आणखी तीन: तोच भाग दोनदा वाचून जुळवतं का, फ्लॅकमध्ये जतन करतं का, आणि देवनागरी नावं नीट लिहितं का.

### विंडोज असेल तर

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, लोक ईएसी म्हणतात. वैयक्तिक वापराला फुकट. ‘सिक्युअर’ पद्धतीत प्रत्येक भाग किमान दोनदा वाचतं, जुळलं नाही तर पुन्हा पुन्हा वाचत राहतं, आणि शेवटी कुठल्या गाण्यात कितव्या सेकंदाला शंका आहे हे लिहून देतं. दिसायला जुनाट आहे, पर्यायांची भाऊगर्दी आहे, पहिल्या दिवशी वैताग येतो. तरीही माझं मत याच्याच बाजूनं, कारण पुढं सांगतो.

डीबीपॉवरअँप विकत घ्यावं लागतं, आधी काही दिवस फुकट वापरता येतं. तपासणी ईएसीसारखीच कडक आणि वापरायला बरंच सोपं. दोनशे-तीनशे सीडी असतील आणि वेळ कमी असेल तर पैसे वसूल होतात. वीस सीडींसाठी नको.

फूबार२००० फुकट आहे आणि ठीकठाक तपासणी करतं. रोज गाणी ऐकायला हेच वापरत असाल तर वेगळं काही बसवायची गरज नाही.

विंडोजसोबत येणारा मीडिया प्लेअर सीडी रिप करतो आणि अलीकडच्या आवृत्त्यांत फ्लॅकही करतो, पण वाचन कसं झालं याचा अहवाल देत नाही. जुन्या आवृत्त्यांत ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’ अशी खूण होती. ती चालू ठेवून काढलेली गाणी त्या कॉम्प्युटरच्या परवान्याला बांधली जायची. विंडोज पुन्हा टाकलं की गाणी बंद. कोणाच्या जुन्या मशिनवर काम करणार असाल तर ती खूण आधी काढा.

### मॅक किंवा लिनक्स असेल तर

मॅकवर एक्सएलडी घ्या. फुकट आहे, सिक्युअर पद्धत आहे, ‘आधी चाचणी, मग कॉपी’ असा पर्याय आहे, अहवाल देतं. ॲपलचं म्युझिक ॲपही रिप करतं आणि त्यात चूकदुरुस्तीची खूण आहे, पण अहवाल नाही.

लिनक्सवर व्हिपर अतिशय कडक आहे, मात्र सगळं काम आज्ञा टाइप करून. वेगळं सांगितलं नाही तर ते सीडी-आर नाकारतं आणि इंटरनेटवरच्या यादीत नसलेली अनोळखी सीडीही नाकारतं. दोन्हींसाठी वेगळे पर्याय द्यावे लागतात. आपल्या ढिगातल्या निम्म्या सीडी याच दोन जातीच्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी लोक सोडून देतात. टाइप करायचं नसेल तर असंडर सोपं आहे. फ्रे-एसी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मुक्त स्रोत आहे. या दोघांत ईएसीइतका सविस्तर अहवाल मिळत नाही. ही उणीव भरून काढायची युक्ती सोपी: एकच सीडी दोनदा, दोन वेगळ्या फोल्डरांत रिप करा आणि फायली तंतोतंत जुळतात का ते तपासा.

व्हीएलसीनंही सीडीतून फाइल काढता येते. काढू नका. ते वाजवायचं साधन आहे.

### ‘ॲक्युरेटरिप’चं आपल्याकडं काय?

इंग्रजीतले सगळे मार्गदर्शक ॲक्युरेटरिपवर भर देतात. तुमच्या सीडीचं वाचन जगभरात इतरांनी केलेल्या त्याच सीडीच्या वाचनाशी ते ताडून बघतं. जुळलं तर बिनघोर. पण धुळ्याच्या दुकानातून घेतलेली अहिराणी लग्नगीतांची सीडी त्या यादीत कोण टाकणार? आणि भजनी मंडळाची सीडी-आर तर जगात एकच आहे. ‘यादीत नाही’ असा संदेश आला की लोकांना वाटतं रिप फसलं. फसलेलं नाही. ताडायला कोणी नाही, एवढंच.

म्हणून आपल्या सीडींसाठी सॉफ्टवेअर असं हवं जे स्वतःच्या दोन वाचनांना एकमेकांशी ताडेल. ईएसीतल्या ‘टेस्ट अँड कॉपी’चं काम नेमकं हेच. डीबीपॉवरअँपचं दुसरं वाचन आणि एक्सएलडीची चाचणी हेही तेच करतात. माझी पसंती ठरते ती इथं.

सावधान: सॉफ्टवेअर फक्त त्याच्या मूळ अधिकृत पानावरून उतरवा. शोधात सगळ्यात वर दिसणारी ‘फुकट डाउनलोड’ची मोठी हिरवी बटणं बऱ्याचदा सोबत नको ती चार सॉफ्टवेअरं बसवतात.

## टप्पा ४: पहिली सीडी घालण्याआधीची मांडणी

उदाहरण ईएसीचं घेतो. इतरांत नावं बदलतील, मुद्दे तेच.

१. पहिल्यांदा उघडल्यावर विचारतं, वेग हवा की अचूकता. अचूकता निवडा.

२. एखादी स्वच्छ, बिनओरखड्याची ऑडिओ सीडी घालून ड्राइव्हचे गुण शोधायला सांगा. मिळमिळीत सीडी इथं घातली तर उत्तरंही मिळमिळीत येतात.

३. ‘ड्राइव्ह ऑडिओ कॅश करतो’ ही खूण बघा. शंका असेल तर चालूच ठेवा. कॅश म्हणजे ड्राइव्हची तात्पुरती आठवण. ती रिकामी केली नाही तर दुसऱ्यांदा वाचताना ड्राइव्ह चकतीकडे न बघता मघाचंच उत्तर पुन्हा सांगतो, आणि दोन्ही जुळले म्हणून आपण खूश.

४. ‘सीटू’ची खूण बंद ठेवा. चूक झाल्याचं ड्राइव्हनं स्वतः कबूल करायचं अशी ती सोय आहे, आणि सगळे ड्राइव्ह प्रामाणिक नसतात.

५. ‘नॉर्मलाइझ’ बंद. आवाज कमी-जास्त करायचा तो ऐकताना करा, जतन करताना नाही.

६. जतनाचा प्रकार फ्लॅक. सीडीवरचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅकमध्ये तो बहुधा निम्मा ते दोन-तृतीयांश होतो आणि एक बिटही हरवत नाही. तासाभराची सीडी ३०० ते ४०० एमबीत बसते, २०० सीडींना ६० ते ८० जीबी. दाब-पातळी ५ ठेवा की ८, आवाजात फरक शून्य.

७. ‘अहवाल आपोआप लिहा’ ही खूण चालू करा. ती विसरलात तर काम संपल्यावर खिडकी बंद होते आणि पुरावा जातो.

ड्राइव्हचा ‘ऑफसेट’ म्हणून एक आकडा दिसेल, +६ किंवा +६६७ असा काहीतरी. एकाच गाण्याची सुरुवात वेगवेगळे ड्राइव्ह किंचित मागेपुढे पकडतात, त्याचा हा हिशोब. हा आकडा आवाजाच्या नमुन्यांत असतो, आणि सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ६ नमुने म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भागही नाही. कानाला कळणं शक्य नाही. सॉफ्टवेअरनं शोधला तर ठेवा, नाही सापडला तर त्यापायी काम अडवू नका.

## टप्पा ५: आधी एकाच सीडीची परीक्षा

मी स्वतः इथं आपटलोय. पहिल्या उत्साहात चाळीस सीडी सलग काढल्या. वेगवान पद्धत, १२८चा एमपी३, अहवाल बंद. चारच महिन्यांत सगळ्या पुन्हा काढाव्या लागल्या, आणि तोवर त्यातल्या दोन सीडी-आर वाचायच्या बंद झाल्या होत्या.

एक बरी आणि एक ओरखडे पडलेली अशा दोन सीडी घ्या. बरी सीडी ‘टेस्ट अँड कॉपी’नं काढा. मग पुढचं बघा:

- फाइलची शेपटी ‘.फ्लॅक’ आहे की ‘.वेव्ह’च राहिली?
- गाण्याची लांबी कव्हरवरच्या लांबीशी जुळते का?
- अहवालात चाचणीचा आणि कॉपीचा सीआरसी आकडा (वाचलेल्या आवाजावरून काढलेली ओळखखूण) अक्षरन् अक्षर सारखा आहे का?
- नावातलं देवनागरी शाबूत आहे की प्रश्नचिन्हं झाली?

मग ओरखड्यांची सीडी घाला. सॉफ्टवेअरनं तक्रार केली तर आनंद माना, ते जागं आहे. ऐकताना टकटक येतेय आणि अहवालात मात्र सगळं आलबेल, असं झालं तर मांडणीत चूक आहे किंवा सॉफ्टवेअर कामाचं नाही. टप्पा ४ पुन्हा बघा.

## टप्पा ६: नावं आधी, रिप नंतर

सीडी घातल्यावर सॉफ्टवेअर इंटरनेटवरून गाण्यांची नावं आणायला बघतं. फ्रीडीबी ही जुनी सेवा २०२०मध्ये बंद झाली. जुन्या आवृत्तीत तीच भरलेली असेल तर नुसती चूक दाखवते. म्युझिकब्रेन्झ चालू आहे. पण आपल्या सीडी तिथं सापडल्याच तर रोमनमध्ये, आणि स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या मर्जीचं. मिळालेलं नाव तसंच घेऊ नका, कव्हर हातात धरून स्वतः टाइप करा. दहा गाण्यांना पाच मिनिटं लागतात.

अहिराणी गाण्यांत एक पेच येतो. कव्हरवर ‘गाना’, तुमच्या बोटात ‘गाणी’. एका सीडीला एक, दुसरीला दुसरं लिहिलं तर पुढं शोधताना निम्मं सापडत नाही. कव्हरवर जसं छापलंय तसंच लिहा, शुद्धलेखन सुधारू नका. प्रमाण मराठी नाव हवंच असेल तर ते शेऱ्याच्या रकान्यात टाका. मंडळाच्या सीडी-आरवर गायकाचं नाव, गाव, प्रसंग आणि वर्ष हे चारही लिहा. आज सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणी लिहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते आजोबा कायम राहणार नाहीत.

क्रमांक इंग्रजी आकड्यांत आणि दोन आकडी ठेवा, म्हणजे एकच्या आधी शून्य. नाहीतर गाडीतल्या स्टिरिओत एकनंतर थेट दहा वाजतं. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखा कोलन, तिरपी रेघ नको. विंडोज ही चिन्हं फाइलच्या नावात घेत नाही.

तपासा: नावं बिघडली असतील तर गाणं पुन्हा रिप करायची गरज नाही. ‘एमपी३टॅग’नं नंतर दुरुस्त करता येतात. फ्लॅकमध्ये देवनागरीला अडचण नाही. एमपी३साठी टॅगचा प्रकार ‘आयडी३ २.३, यूटीएफ-१६’ ठेवा, बहुतेक साधनांना तोच पचतो.

## टप्पा ७: रिप करा आणि अहवाल वाचा

आता काम चालू. चांगल्या सीडीला दुहेरी वाचनानं साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात. मधे त्या मशिनवर जड काम नको. वैशाखात दुपारी बसू नका. चार-पाच सीडी झाल्या की ड्राइव्ह हाताला गरम लागतो, त्याला पंधरा मिनिटं सोडा. मी रात्री जेवणानंतर बसतो, चार सीडी झाल्या की बंद.

कीर्तन किंवा सलग कार्यक्रमाच्या सीडीत गाण्यांमध्ये शांतता नसते, अभंगातून अभंग निघतो. असल्या सीडीची तुकड्यांऐवजी एकच सलग फाइल आणि सोबत ‘क्यू’ फाइल (कोणतं गाणं कुठं सुरू होतं ते सांगणारी) करून घ्या. तुकडे केलेच तर फ्लॅक वापरा. एमपी३मध्ये जोडावर किंचित अडखळल्यासारखं होतं.

अहवाल उघडा. वाचायचं फार नसतं. प्रत्येक गाण्यापाशी ‘कॉपी ओके’ आणि दोन्ही सीआरसी सारखे, तर पुढची सीडी. ‘सस्पिशस पोझिशन’ म्हणून वेळ दिली असेल तर ती वेळ गाण्यात काढून हेडफोननं ऐका. गुणवत्ता ९९.९ टक्के दिसली म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ काही भाग पुन्हा वाचावे लागले. सीआरसी जुळले असतील तर गाणं बरोबर आहे.

सावधान: अहवाल वाचेपर्यंत सीडी परत करू नका. साक्रीला तर मुळीच नको.

## टप्पा ८: सीडी अडली तर

या क्रमानं करा, एकेक पायरी: पुन्हा धुवा. वाचनाचा वेग ४ किंवा ८ पटींवर आणा. दुसऱ्या ड्राइव्हवर घाला. माझ्याकडं निम्म्याहून जास्त अडलेल्या सीडी इथंच सुटल्या. त्यानंतरही अडली तर फक्त तेवढंच गाणं वगळून बाकीची काढून घ्या.

एकाच गाण्यावर ड्राइव्ह तासन् तास घरघरत असेल तर थांबवा. जिद्दीनं रात्रभर चालू ठेवून सकाळी ड्राइव्ह मेलेला मिळतो. टूथपेस्ट, केळीचं साल हे उपाय सगळीकडे सांगितले जातात. केळीच्या जिल्ह्यात राहून सांगतो, साल केळीलाच राहू द्या. खालच्या बाजूच्या ओरखड्याला दुकानातली पॉलिश कधी कधी उपयोगी पडते, पण ती सगळे मार्ग संपल्यावर. छापील बाजूच्या जखमेला कसलंच पॉलिश चालत नाही.

गाणं दोषासकट ठेवावं लागलं तर फाइलच्या शेऱ्यात ‘२ मिनिटं १३ सेकंदांवर खरखर’ असं लिहा. पुढं दुसरी प्रत मिळाली तर नेमकं काय बदलायचं ते कळेल.

## टप्पा ९: गाडीसाठी वेगळी प्रत, घरासाठी मूळ

फ्लॅकचं फोल्डर म्हणजे मूळ. अहवाल आणि कव्हरचा मोबाइलनं काढलेला फोटो त्याच फोल्डरात ठेवा. मूळ दोन वेगळ्या हार्डडिस्कवर हवं, आणि शक्य तर दुसरी दुसऱ्या घरात.

गाडीला किंवा ट्रॅक्टरवरच्या स्टिरिओला फ्लॅक चालेलच असं नाही. मुळावरून २५६ किंवा ३२०चे एमपी३ बनवा. ३२०ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करा. स्टिरिओच्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसत असतील तर फक्त या प्रतीत नावं रोमन करा, मुळाला हात लावू नका.

हे सगळं स्वतःच्या सीडींचं, स्वतःच्या ऐकण्यासाठी. कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम ५२मध्ये वैयक्तिक वापरातल्या रास्त व्यवहाराला जागा आहे. पेनड्राइव्ह भरून विकणं किंवा गाणी नेटवर चढवणं त्यात बसत नाही.

नानांची सीडी भाच्यानं एसटीनं परत पाठवली. नऊपैकी आठ गाणी पहिल्या फटक्यात जुळली. सहाव्यासाठी शेजारच्या जुन्या डेस्कटॉपचा ड्राइव्ह उघडावा लागला, त्याचं झाकण पेपर क्लिपनं ढकलून. रोट होऊन आठवडा लोटला होता तोवर.